लीलाधरच्या मालूने न ओळखलेली खिरापत

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
अश्विन वद्य तृतीया, शके १८४६

तीर्थरूप सौ. मथुराजिजीच्या पायांशी धाकट्या अनंताचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही तिघं (सध्या दोघंच, ते पुढे येईल) देवाच्या दयेनं हातीपायी धड आहोत. पोळ्यानंतर तुझं पत्र नाही, म्हणजे तुझा गुडघा बरा असावा. तो दुखायला लागला की तू पत्र लिहवून घेतेस आणि त्यात माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस. रुईच्या पानांचा शेक सोडू नकोस. काळी म्हैस व्याली का? दाजींचा खोकला कसा आहे? आणि दाजींचा नि सुकलाल पाटलांचा बांधावरच्या बाभळीवरून जो तंटा चालला होता तो मिटला, की अजून दोघं समोरासमोर आले म्हणजे आभाळाकडे बघत जातात? (दाजी, हे पत्र तुम्हीच ओट्यावर बसून जिजीला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तरी कंसात जे लिहिलं आहे ते मनात वाचावं, मोठ्यानं वाचू नये. बाभूळ तुमचीच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.)

तर जिजी, तुझी भावजय गोदा भादव्यातच रावेरला गेली. तिच्या आईचा विहिरीवर पाय घसरला आणि मनगटाचं हाड मोडलं. हाड मोडलं ते गुलाबाई बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी. उषाला बरोबर न्यावं तर घरात गुलाबाई मांडलेली, आणि आठ वर्षांच्या पोरीला गुलाबाई सोडून चल म्हणणं म्हणजे मला कोर्ट सोडून चल म्हणण्यासारखं. (त्यापेक्षा कठीण. मी कोर्ट आनंदानं सोडेन.) शेवटी गोदानं मला उभं करून तीन गोष्टी सांगितल्या. रोज संध्याकाळी पोरी येतील, त्यांच्यासाठी खिरापत तयार ठेवा. डब्याचं झाकण घट्ट लावा. आणि कोणाशी भांडू नका. पहिल्या दोन मी पाळल्या.

तुला गुलाबाई काय सांगायची! पण वाचणारे दाजी आहेत आणि हा पोरीबाळींचा खेळ म्हणून पुरुष तिकडे फिरकत नाहीत, म्हणून थोडक्यात लिहितो. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई माहेरपणाला येते. तिन्हीसांजेला गल्लीतल्या पोरी घरोघर जातात, तिच्यापुढे गाणी म्हणतात, आणि मग बंद डब्यात काय खिरापत आहे ते ओळखतात. आपल्या गल्लीचा नियम तुझ्या वेळेपासून तोच आहे. ओळखलं की डबा उघडायचा, वाटायचं, आणि पोरी पुढच्या घरी. चुकलं की आणखी एक गाणं, आणि मग पुन्हा ओळखायचं. ज्या घरची खिरापत चार-पाच गाण्यांपर्यंत टिकते, त्या घरच्या मुलीचा गल्लीत मान. ज्या घरची पहिल्याच फटक्याला ओळखली जाते, तिनं मान खाली घालून वाटायचं.

यंदा उषानं पहिले बारा दिवस मान खाली घालून वाटलं.

याचं कारण एकच, मालू. आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या लीलाधर किराणावाल्याची थोरली. वय तेरा, उंची माझ्या खांद्याला, आणि आवाज असा की शनवाऱ्याच्या वेशीत उभं राहून हाक मारली तर तापीच्या घाटावर धुणं धुणारी बाई वळून बघेल. बरोबर आठ पोरींची फौज. मी बावीस वर्षं कोर्टात नक्कलनविशी केली. दरोडेखोरांच्या जबान्या उतरवल्या, भावाभावांच्या फिर्यादी उतरवल्या, पण इतका उद्धट पक्षकार पाहिला नाही. पहिल्या दिवशी मी शेंगदाणे नि गूळ कुटून ठेवला होता. पोरींनी एक गाणं म्हटलं, मी डबा हातात घेऊन ऐटीत बसलो, आणि मालू म्हणाली, "कुटलेले शेंगदाणे हायेत, काका. खोला आता डबा, आमाले अजून चार घरं जायचंय." मी डबा उघडला. तिनं एक मूठ घेतली, दुसरी घेतली, आणि खाता खाता उषाला म्हणाली, "तुझी आई गेल्यापासून गूळ बी गेला वाटतं." (गूळ कमी पडला होता हे खरं. पण म्हणायचं का?)

दुसऱ्या दिवशी फुटाणे. डबा हलवला आणि आवाजावरून ओळखले. तिसऱ्या दिवशी डब्यात फडकं कोंबून आवाज बंद केला, तर तिनं झाकणाला नाक लावलं आणि म्हणाली, "सुंठवडा." चौथ्या दिवशी वास लपवायला मी वड्यांवर कापराच्या चार वड्या ठेवल्या. वास लपला. चवही लपली. नऊ पोरी आणि उषा अशा दहा तोंडांनी एकाच वेळी थू केलं ते गुलाबाईच्या पुढ्यात, आणि मालू म्हणाली, देवाची आरती पोटातून करायला लावणारे काका तिनं पहिल्यांदाच पाहिले. त्या रात्री उषा जेवली नाही. मला म्हणाली, आई कधी येणार.

जिजी, इथून पुढे माझी बुद्धी फिरली. मी पोरींसाठी कायदे केले. एकीला एकच मूठ. पाय धुतल्याशिवाय ओसरीवर चढायचं नाही. काकाच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून दाराला चिकटवलं. मालूला वाचता येत नाही. तिनं उषाकडून ते वाचून घेतलं, आणि मग दाराबाहेर नऊच्या नऊ पोरींनी पाय धुतले, ते माझ्या पिण्याच्या पाण्याच्या रांजणातून. मूठ एकच घेतली, पण दोन्ही हात जोडून जी होते तिला त्या मूठ म्हणतात असं मला सांगण्यात आलं.

एके संध्याकाळी तर मी हद्द केली. (दाजी, हे मनातच वाचा.) दिवा लावला नाही, दाराला आतून कडी घातली, उषाला मांडीवर घेतलं आणि घरात कोणी नाही असं दाखवून गप्प बसलो. पोरी आल्या, हाका मारल्या. मी श्वाससुद्धा रोखला होता. मालूनं विचारलं, "उषे, घरात हाये का?" आणि उषानं आतून उत्तर दिलं, "नाही." बाहेरच्या हाका थांबल्या. मला वाटलं, गेल्या. तेवढ्यात त्या कारटीनं जागच्या जागी रचून गाणं सुरू केलं:

अनंतकाकाच्या घरात, डबा हाये कुलपात,
गुलाबाई उपाशी, काका बसले अंधारात.

आठ जणींनी ते उचलून धरलं. समोरच्या धुरपदाबाई बाहेर आल्या, आणि चोर सोडून संन्याशालाच सुळी द्यायचं या त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी पोरींना रागवायचं सोडून दाराबाहेरून मलाच फैलावर घेतलं. मालूनं तर आणखी दोन कडवी जोडली, ती इथे देण्यासारखी नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात निघालो तर पाणवठ्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून तेच गुणगुणत होत्या.

आता माझ्या शहाणपणाचा कळस ऐक. बारा दिवस झाले, बारा वेळा हरलो, आणि ती ओळखते कशी हे मला कळत नव्हतं. मी करणी-बाधेपर्यंत जाऊन आलो. तेराव्या दिवशी लीलाधरच्या दुकानात उभा होतो. त्याला नेहमीप्रमाणे सांगत होतो की आज खसखशीच्या वड्या करायच्या आहेत, तर खसखस किती लागेल, आणि साखर आधी घालायची की नंतर. तोवर तराजूच्या मागून एक हात आला आणि खसखशीची पुडी माझ्यापुढे ठेवली. हाताला मेंदी, हातात हिरव्या बांगड्या. पुडी बांधणारी मालू होती. ती रोज दुपारी बापाच्या दुकानात पुड्या बांधायला बसते. गेले बारा दिवस मी रोज तिच्यासमोर उभा राहून, आज संध्याकाळी डब्यात काय असणार, ते कृतीसकट सांगत होतो. कधी कधी लीलाधरला कृती येत नसे तेव्हा ती खाली मान घालून सांगायची, आणि मी 'शाबास' म्हणून घरी यायचो. दुकानातली मालू आणि संध्याकाळची मालू एकच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे लिहितानासुद्धा माझे कान गरम झाले आहेत.

मग मी लीलाधरकडे रीतसर तक्रार केली. पोरगी हावरट आहे, तोंडाळ आहे, दोन-दोन मुठी उचलते, मोठ्यांवर गाणी रचते, वगैरे सगळं कलमवार सांगितलं. लीलाधरनं ऐकून घेतलं. तराजू पुसत म्हणाला, "अनंतभाऊ, आता किती दिवस तिचा त्रास? तुळशीचं लगीन लागलं की तुकईथडवाले न्यायले येतात. मग बसा तुमचे डबे घेऊन. मग आमचं बी घर सुनंच हाये."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी मालूचं लग्न झालं ते तुमच्याच गावच्या सुकलाल पाटलांच्या धाकट्याशी. त्या लग्नात पंगतीला तूप मीच वाढलं, आणि हिशेबी हात म्हणून माझं कौतुकही झालं. पण लग्न झालं आणि पोर परत पुड्या बांधायला बसली, तेव्हा ती गोष्ट मी विसरून गेलो. आपण सगळेच विसरतो. लीलाधर ते बोलला तेव्हा मालू पुडी बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही. त्या पुडीला दोरा जरा जास्तच गुंडाळला गेला, असं आता आठवतं. त्या वेळी मात्र माझ्या मनात एवढंच आलं की आता खसखस इथे घ्यायची नाही.

त्या दिवसापासून मी कोर्टातून सुटलो की शनवाऱ्याला वळसा घालून, तिथल्या दुकानातून, पिशवीवर उपरणं टाकून सामान आणू लागलो. आणि जिजी, नशीब फिरलं! त्याच संध्याकाळी मालू चुकली. एक गाणं झालं, पुन्हा चुकली. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्या गाण्याला त्याच फौजेतल्या भागीनं, कडूच्या धाकटीनं, ओळखलं, तेव्हा कुठे डबा उघडला. उषानं त्या दिवशी वाटलं ते मान वर करून. पुढे रोज तसंच. पाच गाणी, सहा गाणी, सात, आणि शेवटी डबा मलाच उघडावा लागे. मालूच्या नाकाला वास लागेना, कानाला आवाज लागेना. एकदा तर साध्या डाळ्यांना ती 'लोणचं' म्हणाली. मी कोर्टात सांगत सुटलो. नाझरसाहेबांना सांगितलं, वकिलांना सांगितलं. गोदाला रावेरला पत्र टाकलं की तुझ्या पश्चात घराची अब्रू मी राखली. पोरी आपल्या घराला शेवटचं घर करू लागल्या होत्या. मला वाटलं, आपल्या खिरापतीचा दरारा.

राहता राहिली कोजागिरी. शेवटचा दिवस. त्या दिवशी असं काही ठेवायचं की गल्लीनं पुढच्या वर्षीपर्यंत नाव काढावं. सुट्टी होती. मी सकाळपासून विचार केला आणि मला सुचलं ते इतकं बिनतोड होतं की मी एकटाच हसलो. पापडाच्या लाट्या! पापड लोक चैत्र-वैशाखात करतात. अश्विनात उडदाचं पीठ भिजवून, कुटून, तेलाचा हात लावून लाट्या करणारा माणूस सबंध निमाडात मिळायचा नाही. मिळाला तर तो मी. उडदाचं पीठ शनवाऱ्याहून, पापडखार दुसऱ्या दुकानातून, मिरी तिसऱ्या. धुरपदाबाईंना शपथ घालून बोलावलं, आणि आम्ही दोघांनी दुपारभर आळीपाळीनं मुसळ घालून तो गोळा कुटला. माझे दंड अजून उचलत नाहीत. पण गोळा असा झाला की गोदानंही नाव ठेवलं नसतं.

संध्याकाळी पोरी आल्या. डबा हलवला तर आवाज नाही. वास नाही, कारण मी झाकणाच्या कडेला कणीक लावली होती. मालू डब्यासमोर मांडी घालून बसली आणि विचारात पडली. "करंजी?" नाही. एक गाणं. "भिजवलेली मेथी?" नाही. आणखी एक गाणं. मग ती काय काय म्हणाली ते ऐकलंस तर हसशील. मुळा म्हणाली. चिंचोके म्हणाली. एकदा "साबण" म्हणाली, तेव्हा मी उषाकडे बघून डोळा मारला. दर चुकीला गाणं होत होतं. सासरची गाणी झाली, माहेरची झाली, माहेरी न्यायला मुराळी आला, मुराळी परत गेला, गुलाबाई रुसली, निघाली. मला ठाऊक नसलेली गाणी झाली. बाकीच्या आठ जणी फार थोडं बोलल्या, हे मला जरा नवल वाटलं. एरवी एकमेकींच्या तोंडातून शब्द काढून घेतात. सतरा गाणी झाली, जिजी. सतरा! आपल्या गल्लीत एवढी कोणाच्या खिरापतीला झाली असतील असं मला वाटत नाही. विझत्या समईसारखा मालूचा आवाज बसत आला होता. लीलाधर हाक मारून गेला, त्याची बायको दोनदा हाक मारून गेली. शेवटी मीच दया येऊन म्हणालो, हरलात ना? आणि डबा उघडला.

मालू डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, लाट्या! बाप्पा, कोणाले सुचलं असतं?" आणि हात पुढे केला. दोन मुठी घेतल्या. तिसरीही घेतली. मी विजयाच्या भरात हसून घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषाला न्हाऊ घालत होतो. मी म्हणालो, बघ, तुझ्या बापानं मालूला कसं हरवलं. तर माझ्याकडे न बघता, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून ते मिटून, पोर म्हणाली, "ती हरली नाही. सगळ्यांना माहीत होतं."

मी विचारलं, काय माहीत होतं?

"लाट्या. दुपारभर मुसळ वाजत होतं ना भिंतीला."

तुला आठवते ना ती भिंत? लहानपणी तू तिला कान लावून पलीकडच्यांची भांडणं ऐकायचीस आणि मला सांगायचीस. त्या भिंतीला मी दुपारभर मुसळाचे दणके दिले. अश्विनात पापड कोणी करत नाही, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घराला कळलं होतं की अनंतराव पापड कुटताहेत. आणि मालू तर भिंतीच्या पलीकडेच बसली होती. मग उषानं बाकीचं सांगितलं, तांब्या-तांब्याच्या मधे, तुकड्या-तुकड्यानं. लीलाधर दुकानात बोलला, त्या दिवसापासून मालूनं सगळ्या पोरींना गुलाबाईची शपथ घातली होती. आपल्या घरी कोणी खिरापत ओळखायची नाही. जी ओळखेल तिच्याशी जन्माची कट्टी. भागी एकदा विसरून बोलली तर तिच्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही. मी विचारलं, आपल्याच घरी का? उषा म्हणाली, आपलं घर शेवटचं ना. ओळखलं की घरी जावं लागतं.

मी तिच्या डोक्यावर पाणी ओतायचं विसरून तांब्या हातात धरून उभा राहिलो. थंडी वाजतेय म्हणून तीच ओरडली.

जिजी, मी सुधारक नाही. सभेत जाऊन बोलणाऱ्यांतला नाही. ज्या लग्नाचं तूप वाढलं, त्याला आज उठून नावं ठेवायचं तोंड मला नाही. सुकलाल पाटलांचं घर खातंपितं आहे, मुलगाही बरा म्हणतात. (दाजी, बाभळीचं सोडून.) पण त्या दिवशी कोर्टात बसलो आणि माझ्या हातून पहिल्यांदा एका नकलेत चूक झाली. कारण मला सारखी एक जुनी गोष्ट आठवत होती.

तू तुकईथडला गेलीस तेव्हा अकरा वर्षांची होतीस आणि मी सहा. त्या वर्षीच्या गुलाबाईत तू एकदाही खिरापत ओळखली नाहीस. तू, जी आईच्या हाताच्या वासावरून ओळखायचीस! आई म्हणायची, पोर सासरच्या नावानं भांबावली आहे. मी तुला ठोंब्या म्हणून चिडवायचो. आणि शेवटच्या दिवशी तू आठव्यांदा चुकलीस तेव्हा मला राहवलं नाही. मी आतून धावत आलो आणि ओरडून सांगितलं, "शेंगदाण्याचे लाडू!" सगळ्या हसल्या, डबा उघडला, खाल्लं, आणि उठून गेल्या. तू मला मागच्या दारी नेऊन असं मारलंस की माझ्या पाठीवर हात उमटला. आईनं विचारलं, का मारलंस, तर तू सांगितलं नाहीस. मीही बत्तीस वर्षं विचारलं नाही. उलट पाहुण्यांना हसत सांगत आलो, आमच्या जिजीचा हात किती जड. आता कळलं, जिजी. मी तुझा शेवटचा दिवस आटोपून टाकला होता. मला माफ कर. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि लपवायचंही नाही. (दाजी, हे मात्र मोठ्यानं वाचा. आणि वाचून झाल्यावर तिच्याकडे लगेच बघू नका.)

तिथे गेल्यावर तुला कोणी गुलाबाईला बोलावलं होतं का गं? हेही मी कधी विचारलं नाही. दर भाऊबीजेला तू आलीस, ओवाळलंस, आणि मी फक्त म्हशीची चौकशी केली.

असो. पत्र फार लांबलं. इकडे पाऊस बेताचा झाला, कापूस बरा म्हणतात, फोपनारच्या मामांचं उसाचं शेत छान उभं आहे. घरातल्या सर्वांना यथायोग्य. लहानांना आशीर्वाद, म्हशीला चारा, आणि तुझ्या गुडघ्याला पुन्हा एकदा रुईची पानं. तुझा लाडका आणि एकदाच मार खाल्लेला भाऊ,

अनंत

ता. क. वर जागोजाग मालूला हावरट, तोंडाळ, कारटी असं लिहिलं आहे. ते खोडायचं मनात होतं, पण नक्कलनविसाला खाडाखोडीची मनाई असते, सबब तसंच राहू दिलं आहे. शिवाय ती हावरट आहेच. मला वाटायचं, जास्तीच्या मुठी घरी धाकट्यांना नेत असेल. उषा म्हणते, नाही, वाटेतच खाऊन टाकते.

ता. क. दुसरा. पत्र लिहून होतंय तोवर गोदा रावेरहून आली. लाट्या उरल्या होत्या, त्या तिनं खाल्ल्या आणि म्हणाली, पापडखार जास्त झाला. अब्रूबद्दल काही बोलली नाही.

ता. क. तिसरा. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज उतरवले, हा माझा पहिला स्वतःचा. दाजी, बाभूळ तुमचीच. पण तुळशीचं लग्न झाल्यावर जिजीला एकदा सुकलाल पाटलांच्या वाड्याची पायरी चढू द्या, आणि ती परत आल्यावर तिला काही बोलू नका. जमलं तर तुम्हीच तिला दारापर्यंत सोडा. आभाळाकडे बघत गेलात तरी चालेल.

जिजी, पाटलीणबाईंना सांग की नवी सून आमच्या सिंधीपुऱ्याची, आमच्याच भिंतीची लेक आहे, म्हणून तिला अधूनमधून तासाभरासाठी तुझ्याकडे पाठवत जावं. माहेरची म्हटल्यावर त्या नाही म्हणायच्या नाहीत. पुढच्या भादव्यापर्यंत थांबू नकोस. संक्रांतीलाच बोलाव. तुझ्याकडे गुलाबाई नसली तरी डबा आहे. तीळगूळ सोडून त्यात काहीही घाल, झाकण लाव, आणि तिच्यापुढे ठेव. गाणी तुला येतात, विसरली असशील तर ती शिकवेल.

तिनं पहिल्याच फटक्याला ओळखलं, दुसरी मूठ मागितली आणि तुझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं, तर पोर सुखात आहे असं समज आणि मला कळवायची तसदी घेऊ नकोस. पण ती चुकतच राहिली, तर डबा उघडायची घाई करू नकोस, जिजी. तिला गाऊ दे. आणि मला दोन ओळी टाक. मी येतो.